फितूर शेळी

माझ्या थोरल्या भावाने बासष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्याच वर्षी ठमी बेटावर गेली. लग्न नोंदणी कचेरीत झालं. दादा चष्मा घरी विसरला होता, म्हणून त्याने नव्या बायकोचा चष्मा लावून सही केली. "पहिल्याच दिवसापासून तुझ्या नजरेने बघायला लागला," असं मी तिला म्हटलं, तर ती कचेरीतच खो खो हसत सुटली. वहिनी शाळेत परिचारिका होती. तिची सगळी नोकरी पोरांच्या डोक्यातल्या उवा बघण्यात गेली होती. ती म्हणाली, "म्हणूनच टकल्याशी लग्न केलं. आता डोळ्यांना आराम."

त्या लग्नाला मुक्या शहरातून आला होता. दादाचा एकुलता एक मुलगा. तो जन्मला त्याच आठवड्यात त्याची आई गेली. दादा तेव्हा जहाजावर कामाला होता, त्यामुळे पोर माझ्या पदरात आलं. माझं लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. मुलांचं मला काही कळत नव्हतं, पण शेळ्यांचं कळत होतं. शेळीचं दूध पाणी घालून उकळायचं, कोमट करायचं आणि बाटलीने पाजायचं. पोर त्याच्यावर वाढलं. तीन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलला नाही, म्हणून मुक्या. पुढे बोलायला लागला तो थांबेना, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मला लिहायला शिकवलं ते त्यानेच. शाळेतून आला की गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून मला जमिनीवर काठीने अक्षरं काढायला लावायचा. मी चाळिशी ओलांडलेली. चुकले की म्हणायचा, "आत्या, हे अक्षर नाही, ही लंगडी शेळी आहे." आज हे लिहिते आहे ते त्याच्याच शिकवण्यामुळे, आणि तरी लिहिते आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुक्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेटाचा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, किटली, माझा चष्मा आणि एक बटाटा ठेवला. बेट आमच्या खिडकीतून दिसतं, पाण्यातून वर आलेल्या बुटासारखं. नकाशावर त्याच्या अंगभर तांबडे ठिपके होते आणि टाचेकडे थोडे हिरवे.

"तांबडे म्हणजे शेळ्या," मुक्या म्हणाला. "हिरवे म्हणजे रडव्यांची बिळं."

रडवा हा काळा समुद्रपक्षी. जमिनीत बीळ करून एकच अंडं घालतो आणि संध्याकाळी बिळाशी परतला की तान्ह्या मुलासारखा रडतो. माझ्या आईच्या लहानपणी वारा तिकडून आला की ते रडणं आमच्या गावात ऐकू यायचं म्हणे. मी कधी ऐकलं नव्हतं. बेटावर शेळ्या सोडल्या त्या जुन्या कोळ्यांनी. वादळात अडकलो तर खायला काहीतरी असावं म्हणून एक जोडी सोडली, आणि त्या जोडीने मागेपुढे पाहिलं नाही. गवत गेलं, झुडपं गेली, उघड्या उतारावरची माती घसरायला लागली. शेळ्यांच्या खुरांखाली बिळं ढासळत होती.

"हा पक्षी जगात आणखी दोनच बेटांवर उरलाय, आत्या. तिथली एक पाल तर दुसरीकडे कुठेच नाही. एक करड्या पानांचं झुडूप आहे, त्याची आठ रोपं आम्हाला सापडली, तीही कड्यावर, शेळीचं तोंड पोचत नाही तिथे."

"मग शेळ्या हलवा."

"तेच करतोय," तो म्हणाला. "त्याच्यासाठी मला ठमी हवीय."

ठमी तेव्हा तीन वर्षांची होती. तिची आई विताना गेली, म्हणून तिलाही मीच बाटलीवर वाढवलं. पांढरी, कपाळावर काळा टिळा, आणि लहानपणापासून हनुवटीखाली दाढी. गोठ्यात सगळ्यांची पुढारी. मी पत्र्याच्या डब्यात भरडा खुळखुळवला की कुठे असेल तिथून धावत यायची, आणि तिच्यामागून बाकीच्या. माझ्या आईने पाळलेल्या शेळ्यांच्या वंशातली ती एकटी उरली होती. पुढच्या हंगामात तिला चांगला बोकड दाखवायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

मुक्याने सांगितलं ते असं. ठमीच्या गळ्यात एक पट्टा बांधायचा. ती कुठे आहे ते पट्टा यंत्रावर दाखवणार. ती बेटावर मोकळी फिरेल, रानशेळ्यांत मिसळेल, आणि कळप कुठे कुठे आहेत ते त्यांना कळेल. तिला माणसाची सवय आहे, पट्टा बदलायला हाताला येईल.

"आणि तिचं काय होईल?"

"तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. वचन देतो. काम झालं की तुझ्या गोठ्यात आणून बांधीन."

वहिनी चहा गाळत होती. ती म्हणाली, "सरकारी माणसं उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे. हा निदान शेळीला विचारायला तरी आला."

आम्ही सगळे हसलो. मुक्याही हसला. पट्टा त्याने तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून बांधला. पट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते पाहिलं, जसं मी त्याला शिकवलं होतं. ठमी त्याची बाही चघळत होती. मी तिला नावेपर्यंत सोडायला गेले आणि भरड्याचा डबा हातातच घरी परत आणला.

पुढच्या महिन्यात माझ्या माडीवरच्या खोलीत एक भाडेकरू आला. मुक्यानेच पाठवला होता. उंच, हाडकुळा, कानात सतत कापूस. 'बेटाच्या कामावर आहे' एवढंच तो म्हणाला होता. आठवड्यातले चार दिवस बेटावर, तीन दिवस माझ्याकडे. जेवणाच्या बाबतीत फार चोखंदळ. एकदा मटणाचा तुकडा ताटाच्या कडेला सारून म्हणाला, "जरा वातड आहे हो."

मी म्हटलं, "शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "हे आमच्या बेटावर पाटी करून लावायला हवं. पण मावशी, तुमच्या शेळीला मानलं. सोनं आहे सोनं."

"कोणत्या शेळीला?"

"फितूरला हो. काळ्या टिळ्याची. ती तुमचीच ना?"

त्याला वाटलं मला सगळं माहीत आहे. तो पाव मोडत मोडत सांगत गेला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचं कौतुक होतं. शेळीला एकटं राहवत नाही. सोडली की ती दोन दिवसांत कळप शोधून काढते. माणसाला आणि कुत्र्याला दाद न देणारे कळप, कपारीत लपलेले, ते तिला सापडतात. पट्टा जागा सांगतो. मग हा आणि याचे सोबती बंदुका घेऊन चढून जातात आणि तिला सोडून सगळ्यांना गोळ्या घालतात. ती एकटी पडते. एकटी पडली की पुन्हा सोबत शोधायला निघते. पुन्हा हे तिच्या मागून.

"गाभण राहिली तर एका जागी बसेल, म्हणून बेटावर सोडण्याआधीच ऑपरेशन करून टाकलं. डॉक्टरसाहेबांचं डोकं पक्कं," तो म्हणाला. "शंभरावर शेळ्या एकटीने दाखवल्यात तिने."

डॉक्टरसाहेब म्हणजे मुक्या, पक्ष्यांचा अभ्यास करून ती पदवी मिळवलेला. मी नेमबाजाच्या ताटात आणखी दोन बटाटे वाढले आणि गोठ्यात गेले. पालथी बादली तिथेच होती. तिच्यावर बसवेना.

रविवारी मुक्या आला, तेव्हा मी त्याला दारातच गाठलं.

"तू शेळ्या हलवतो म्हणालास."

"तू म्हणालीस हलवा. मी म्हणालो, तेच करतोय." मग त्याने मान खाली घातली. "कुठे हलवू, आत्या? कड्यावरून रानशेळ्या जिवंत उतरवायच्या म्हणजे निम्म्या पडून मरतात. आम्ही करून पाहिलं. आजारही असतात त्यांच्यात, इकडे आणता येत नाहीत."

"ते मला सांगायचं होतंस."

"मी खोटं बोललो नाही. ठमी जिवंत आहे. तिला ओरखडासुद्धा नाही."

"खोटं बोलला नाहीस. खरं गिळलंस. आणि तिला वांझ केलीस ते? तेही खोट्यात येत नाही?"

तो उंबऱ्याशी उभा होता. तिशीचा बाप्या, पण कान लाल झाले, लहानपणी दुधाचं भांडं लवंडल्यावर व्हायचे तसे. म्हणाला, "या वर्षी बिळांत पिल्लं दिसली. गेल्या वर्षी त्या उतारावर एकही नव्हतं. तू एकदा येऊन बघ, मग बोल माझ्याशी."

"मला माझी शेळी आणून दे."

"काम संपलं की."

पक्षी जगावेत असं मलाही वाटत होतं, हे खरं. बेट उघडं पडत चाललेलं मी खिडकीतून पाहत आले होते. पन्नास वर्षांत मी बोकड विकले, कापायलाही दिले. मरण मला नवं नव्हतं. पण विकायला काढलेल्या बोकडाला मी कधी डबा वाजवून बोलावलं नाही. त्याला दावं लावून न्यायचं, डबा तसा वापरायचा नाही, हे आईने शिकवलं होतं. एकदा फसवलंत की पुढे शेळी हाकेला येत नाही. मुक्याला हे माहीत होतं, तो त्याच गोठ्यात वाढला होता.

उन्हाळा गेला. नेमबाज माझ्याकडेच राहत होता. पण जेवताना त्याचं बोलणं कमी झालं होतं, कारण मी त्याला 'हो' आणि 'नाही'च्या पलीकडे उत्तर देत नव्हते. एक दिवस तोच म्हणाला, "तुमची शेळी आता काम करत नाही, मावशी. एकटीच खडकावर बसून राहते. कळपाचा वास आला तरी उठत नाही." उठता उठता म्हणाला, "तिला कळलंय." मग पावाचा तुकडा उचलून तो वर निघून गेला.

सप्टेंबरात मुक्या आला. हातात माझ्यासाठी लोकरीचे मोजे.

"आत्या, ठमीला घरी आणायचीय. पण ती आता कुणाच्या हाताला येत नाही. माझ्यासुद्धा. तू आलीस तर येईल. तुझा डबा घे."

"बाकीच्या संपल्या?"

"जवळजवळ," तो म्हणाला.

त्या शब्दावर मी अडायला हवं होतं असं वहिनी नंतर म्हणाली. पण ठमी घरी येणार, एवढंच मी ऐकलं. भरडा निवडून घेतला, थोडा गूळही टाकला.

बेटावर मी जन्मात पहिल्यांदा गेले. धक्का नव्हता. नावाड्याने मला खांद्यावर घेऊन खडकावर ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, वजन शेळीएवढंच आहे, परत जाताना गोंधळ नको व्हायला." उतारावर गवत आलं होतं, कोवळं, घोट्याएवढं. मुक्या पुढे चालत होता आणि मला त्याच्या पावलावर पाऊल टाकायला सांगत होता, कारण बाजूला जमीन आतून पोकळ होती. एका बिळाशी तो पोटावर आडवा झाला आणि मलाही बसवलं.

"हात घाल. हळू."

मी कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. बोटांना मऊ काहीतरी लागलं आणि त्याने मला चांगलाच चावा घेतला.

"हेच ते," मुक्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ढोंग नव्हतं, मी त्याला ओळखते. मी बोट चोखत त्याच्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला माफ केलं. खरंच केलं. गवतात बसल्या बसल्या मी त्याच्या खांद्यावरची माती झटकली.

मग आम्ही बेटाच्या पश्चिम टोकाला गेलो. तिथे कडा सरळ खाली उतरतो, आणि मध्यावर खडकाची एक पट्टी आहे. पट्टीच्या टोकाला गुहा. आत पाणी ठिबकतं. वरून आत काही दिसत नाही, आणि तिथे उतरणं शेळीशिवाय कुणाला शक्य नाही.

"ठमी आत आहे," मुक्या म्हणाला. "इथे उभी राहून डबा वाजव."

तो मागे सरकला. माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघायला लागला.

मी डबा वाजवला. "ठमेऽऽ, ये गं बाई, येऽऽ."

बराच वेळ काही नाही. पुन्हा वाजवला. मग गुहेच्या तोंडाशी काळा टिळा दिसला. बारीक झाली होती, दाढीत काटे अडकलेले. तिने मान वर करून पाहिलं आणि ओरडली. तिची आई गेली तेव्हा बाटलीसाठी ओरडायची तशीच. मी हसले की रडले, आठवत नाही. ती पट्टीवरून चालायला लागली. चार पावलं आली आणि थांबली. मागे वळून पाहिलं.

गुहेतून एक म्हातारा बोकड बाहेर आला. एक शिंग मोडलेलं. त्याच्यामागून एक लहान पाठ, अजून एकदाही न व्यालेली, तांबूस रंगाची. ती दोघं बिचकत होती. ठमी त्यांच्यासाठी थांबली होती. तिला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. माझ्या डब्यात खायला असतं, आणि तो वाजल्यावर कधी कुणी मेलं नाही.

मी मुक्याकडे पाहिलं. तो अजून समुद्राकडेच बघत होता. तेव्हा मला कळलं. मी डबा खाली टाकला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "मागे हो! ठमे, मागे जा!"

पण तिला शब्द कुठे कळणार? तिला माझा आवाज कळला. ती धावतच वर आली, आणि तिच्यामागून ती दोघं उघड्यावर.

दोन गोळ्या सुटल्या. आमच्या डाव्या अंगाला, खडकांच्या आडोशातून. बोकड जागीच बसल्यासारखा पडला. पाठ कड्यावरून खाली गेली.

ठमी पळाली नाही. आवाज होताच तिने पाय दुमडले आणि खाली बसली, जशी गोठ्यात रवंथ करायला बसते. तिला सवय झाली होती. आवाज थांबेपर्यंत बसून राहायचं. मी तिच्यापाशी गेले, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नेमबाज आडोशातून बाहेर आला. माझा चेहरा पाहून त्याने कानातला कापूस काढला. "मावशी, तुम्हाला सांगितलं नव्हतं?" मग मुक्याकडे वळून तो म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणालात त्यांना माहीत आहे."

मुक्या काही बोलला नाही. तीन वर्षं बोलला नव्हता, तसा.

ठमीला दावं लावून मी नावेत घेतली. नावाड्याने या वेळी चेष्टा केली नाही. निम्म्या वाटेवर मुक्या म्हणाला, "ती दोन शेवटची होती, आपणहून ठमीला येऊन मिळालेली. एक नर, एक मादी. पाच वर्षांत पुन्हा पन्नास झाली असती. सगळं पाण्यात गेलं असतं, आत्या."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"म्हणूनच."

मी म्हटलं, "ठमीलाही तू याच कारणाने सांगितलं नाहीस. पण तिला भाषा येत नाही. मला येते, आणि लिहायला तर तूच शिकवलंस."

तो गुडघ्यांत मान घालून बसला. मोज्यांची जोडी अजून माझ्या पिशवीत होती. ती मी नावेतच त्याच्या शेजारी ठेवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आयुष्यभर बोलत आले होते. त्या दिवशी कळलं की कापणारा हात घरचाच असावा लागतो, परक्याला केस सापडत नाही.

ठमी घरी आली पण गोठ्यात आली नाही. दुसऱ्या शेळ्या जवळ आल्या की ती उठून लांब जायची. आपण जिच्याजवळ बसू ती मरते, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं असावं. शेवटी मी तिच्यासाठी कोळशाची खोली रिकामी केली. डबा मी पुन्हा वाजवला नाही. बाकीच्यांना आता मी तोंडाने हाक मारते.

बेटाचं भलं झालं, हे मी लपवणार नाही. आता खिडकीतून बूट हिरवा दिसतो. करड्या पानांचं ते झुडूप उतारावर पसरलंय म्हणे, आणि कुठून कुठून लोक ते बघायला येतात. मुक्याचं नाव झालं. गेल्या वर्षी वारा तिकडून होता तेव्हा संध्याकाळी मला रडव्यांचं रडणं ऐकू आलं, आयुष्यात पहिल्यांदा. मी खिडकी उघडीच ठेवली होती.

मुक्या वर्षातून दोनदा येतो. दादाकडे उतरतो. माझ्या दारापर्यंत येतो, "आत्या, आहेस का?" म्हणतो. मी घरात असते. मी उत्तर देत नाही. वहिनी म्हणते, "अगं, पोर आहे ते तुझं, किती ताणशील?" तिचं बरोबर असेल. पण त्याचा आवाज ऐकला की मी आधी आडोशाकडे बघते, त्याला मी काय करू?

ठमी मेली ती दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, मार्च महिन्यात, कोळशाच्या खोलीत, सकाळी. मोडक्या शिंगाचा बोकड आणि तांबूस पाठ तिच्या चार वर्षं आधी मेली होती, सप्टेंबरात, दुपारी, बेटाच्या पश्चिम टोकाला, मी हाक मारली तेव्हा.